बेळगाव भागात डिस्लेक्सिया असलेल्या मुलांसाठी काम करावे का?

आपण खानापूर तालुक्यातून मराठी माध्यमात शिकून बी.एड. केले आहे आणि डिस्लेक्सिया (बुद्धी चांगली असूनही वाचन-लेखन जड जाणे) असलेल्या मुलांना शिकवण्याचे काम आयुष्यभरासाठी पत्करावे का, असे विचारले आहे. माझी उमेदीची सगळी वर्षे बेळगाव, खानापूर आणि निपाणी भागात याच कामात गेली आहेत, आणि माझे उत्तर होकारार्थी आहे. मात्र सीमाभागात या कामाला एक वेगळी अट आहे, ती आधी सांगतो.

येथील मराठी मूल घरी मराठी बोलते आणि शाळेत मराठीबरोबर कन्नड व इंग्रजीही शिकते, म्हणजे लहान वयातच त्याला तीन लिप्या हाताळाव्या लागतात. त्यामुळे 'याला वाचता येत नाही' अशी तक्रार आली की आपल्याला सर्वांत आधी हे ठरवावे लागते की अडचण वाचनाची आहे की नव्या भाषेची. कन्नडमध्ये ऱ्हस्व आणि दीर्घ 'ए' तसेच ऱ्हस्व आणि दीर्घ 'ओ' यांच्यासाठी स्वतंत्र अक्षरे आहेत; मराठीत हा भेद नसल्याने मराठी मूल तेथे हमखास चुकते, आणि ती चूक डिस्लेक्सियाची नव्हे. याउलट चौथीतले मूल रोजच्या बोलण्यातले मराठी शब्द वाचतानाही अडखळत असेल, 'कपाट' मधला 'क' काढला तर काय उरेल हे त्याला तोंडी सांगता येत नसेल, अक्षरे ओळखत असूनही एक ओळ संपेपर्यंत ते थकून जात असेल, तर त्याची रीतसर तपासणी व्हायलाच हवी. डिस्लेक्सियाची अडचण मुख्यतः शब्दांतले ध्वनी सुटे करून ते अक्षरांशी जोडण्यात असते. डोळ्यांत किंवा बुद्धीत नसते.

आणखी एक गोष्ट शाळांतून फार दुर्लक्षिली जाते. इंग्रजीच्या तुलनेत मराठी बरीचशी लिहिल्याप्रमाणे वाचली जाते, म्हणून आपल्या मुलांच्या वाचनात चुका कमी आणि संथपणा अधिक दिसतो. शिक्षक चुका मोजतात, वेळ मोजत नाहीत, आणि असे मूल 'आळशी' हा शिक्का घेऊन सातवी-आठवीपर्यंत तसेच पुढे ढकलले जाते. मला या कामात सर्वाधिक अस्वस्थ करणारी गोष्ट हीच आहे.

शिकवण्याच्या पद्धतीबद्दल थोडे सविस्तर लिहितो. अमेरिकेत सॅम्युएल ऑर्टन आणि ॲना गिलिंगहॅम यांनी घडवलेल्या पद्धतीचे तत्त्व, म्हणजे ध्वनी ऐकणे, अक्षर पाहणे आणि ते हाताने गिरवणे एकाच वेळी आणि ठरलेल्या क्रमाने करणे, आपल्यालाही उपयोगी पडते. पण त्यांचा क्रम इंग्रजीसाठी आहे, तो जसाच्या तसा उचलू नये. आपली अडचणीची ठिकाणे वेगळी आहेत. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी लिहितात आणि नंतर उच्चारतात. 'सर्प' मधला रफार आधी उच्चारतात आणि पुढच्या अक्षरावर लिहितात. कन्नडमध्ये ओत्तक्षर, म्हणजे जोडाक्षरातले दुसरे व्यंजन, मूळ अक्षराच्या खाली किंवा बाजूला येते. मराठी बाराखडी आणि कागुणित, म्हणजे कन्नड बाराखडी, यांचा एकच स्वर मी एकाच दिवशी कधीही घेत नाही. मराठीत तो पक्का झाल्यावरच कन्नडकडे वळतो. रोज थोडा वेळ आणि खंड न पडता केलेला सराव आठवड्यातून एकदा घेतलेल्या लांबलचक तासापेक्षा कितीतरी गुणकारी ठरतो.

पालकांशी बोलण्यासाठीही वेळ राखून ठेवा. डिस्लेक्सिया बऱ्याचदा घराण्यात असतो, आणि मुलाचे निदान समजावून सांगत असताना बेळगावातल्या वडगावच्या यंत्रमागावर काम करणारे वडील स्वतःची शाळा का सुटली हे पहिल्यांदाच बोलून दाखवतात, असे मी अनेकदा पाहिले आहे.

केवळ बी.एड. पुरेसे नाही. भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला विशेष शिक्षणाचा अभ्यासक्रम करून परिषदेकडे नोंदणी करावी लागते. निदान मानसशास्त्रज्ञ आणि डॉक्टर करतात, आपण नव्हे; परंतु आपल्या वर्गातल्या नोंदींवर त्यांचा मोठा भर असतो. मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने तयार केलेली 'डाली' ही चाचणी मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषांत आहे, ती आपल्या भागासाठी विशेष मोलाची आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 मध्ये नमूद केलेल्या 21 प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा (डिस्लेक्सिया तिच्यातच मोडतो) समावेश असल्याने प्रमाणपत्राच्या आधारे परीक्षेत जादा वेळ आणि लेखनिक यांसारख्या सवलती मागता येतात. हे प्रमाणपत्र काढायला दहावीचे वर्ष उजाडू देऊ नका.

उत्पन्नाबाबत स्पष्ट सांगायचे तर स्थिर पगार बहुधा शहरातील खासगी इंग्रजी शाळांतच मिळतो, आणि सर्वाधिक गरज मात्र गावांतल्या मराठी शाळांना आहे. मी दोन्हीकडे काम केले, म्हणून गावांतले काम करणे परवडले. आपणही तसेच करावे असे मला वाटते. अभ्यासक्रमाला प्रवेश घेण्यापूर्वी एखाद्या अनुभवी विशेष शिक्षिकेच्या वर्गात एक सत्र बसून पाहा, आणि तोवर आपले कन्नड वाचन इतके पक्के करा की मुलाची कन्नडची वही आपल्याला कोणाच्या मदतीशिवाय तपासता येईल.