निकालानंतरचे चार महिने

"मुलगा बारावीत नापास झाला, आता शिकतही नाही आणि कामालाही जात नाही, तुम्ही तरी समजवा," ही विनंती इंदूरमधले आईवडील समुपदेशक म्हणून माझ्याकडे इतक्या वेळा घेऊन येतात, की ओळख लपेल इतके तपशील बदलून एका मुलाची हकिकत येथे मांडत आहे.

मुलगा वीस वर्षांचा होता आणि दोन वर्षे घरीच होता. त्याचे आजोबा हुकुमचंद मिलमध्ये कामाला होते. १९९१ मध्ये ती मिल बंद पडली, तरी "आमच्या घरात रिकामं कुणी बसलं नाही" हे वाक्य घरात चालूच राहिले. काही आठवडे ते उच्चारायचे नाही, एवढे मी वडिलांकडून कबूल करून घेतले. त्यानंतरच मुलगा माझ्याशी बोलू लागला आणि मित्राच्या एमपी ऑनलाइनच्या, म्हणजे सरकारी कामांचे ऑनलाइन अर्ज भरण्याच्या, दुकानात तो संध्याकाळी लोकांचे अर्ज भरून देतो, हे कळले.

"म्हणजे योजनांची माहिती तुला असणारच."

"सगळी आहे, मॅडम. सीखो-कमाओमध्ये प्रशिक्षण घेताना बारावी पासला महिन्याला आठ हजार मिळतात, आयटीआयवाल्याला साडेआठ. मी तर बारावी नापास. आयटीआय दहावीवर होतं, पण मधल्या गॅपचं, दोन वर्षं का शिकलो नाही याचं, शपथपत्र मागितलं तर काय लिहू?"

"दुसऱ्यांचं काय लिहितोस?"

"घरगुती कारण."

"आणि तुझं?"

बराच वेळ तो बोटांशी चाळा करत राहिला. "माझ्याकडे कारणच नाही ना. नुसता घरी होतो."

"मग तेवढंच लिही."

मी पुढे केलेल्या कागदावर त्याने लिहिले: 'बारावीत अनुत्तीर्ण झाल्यामुळे दोन वर्षे घरी होतो.' ते पुन्हा वाचून तो म्हणाला, "एवढं चालतं?"

या प्रश्नाशी आम्ही पुढचा संपूर्ण तास थांबलो. आधी आत्मविश्वास येतो आणि मग माणूस पाऊल उचलतो, हा क्रम मला कधीच पटलेला नाही. पाऊल पुरेसे लहान आणि खरे असेल, तर आत्मविश्वास मागून येतो, असे माझे इतक्या वर्षांचे मत आहे आणि त्या दिवशी ते पुन्हा खरे ठरले, याचे समाधान मी लपवत नाही. आळस म्हणून जे घरच्यांना दिसत होते ती लाज होती, आणि ती निकालाच्या दिवसापासून महिन्यागणिक वाढत गेली होती.

म्हणूनच धोरणाविषयी माझे म्हणणे काळाशी निगडित आहे. मध्य प्रदेशात २०१६ मध्ये नापास विद्यार्थ्यांना पुन्हा परीक्षेची संधी देणारी 'रुक जाना नहीं' योजना सुरू झाली, परंतु निकाल लागला तेव्हा या मुलाला ती कुणी सांगितलीच नाही. २०२३ च्या सीखो-कमाओ योजनेत १८ ते २९ वयाच्या तरुणांच्या विद्यावेतनाचा ७५ टक्के भार शासन उचलते, ही मोठीच गोष्ट आहे. पण तिची पहिली पायरी बारावी किंवा आयटीआय आहे, आणि सर्वांत खाली उभा असलेला मुलगा तिथवर पोहोचत नाही. युरोपीय संघाने २०१३ मध्ये स्वीकारलेल्या युवा हमीत शिक्षण सुटल्यापासून वा नोकरी गेल्यापासून चार महिन्यांच्या आत तरुणापुढे काम, शिक्षण किंवा प्रशिक्षणाचा प्रस्ताव ठेवण्याची शिफारस सदस्य देशांनी मान्य केली. आपल्याकडे नापास मुलांची यादी निकालाच्याच दिवशी मंडळाकडे आणि शाळेकडे असते. त्या यादीतील प्रत्येक घरी चार महिन्यांत एखादा शिक्षक वा समुपदेशक जाऊन आला, तर माझ्याकडे येणारी निम्मी मुले येणारच नाहीत, असे मला वाटते.

तोवर हे काम घरातल्यांनाच करावे लागेल. "पुढे काय?" हे रोज विचारू नका, एका ठरलेल्या दिवशी मुलासोबत आयटीआयमध्ये जा, दहावीवर कोणते ट्रेड मिळतात ते त्यालाच विचारू द्या आणि तुम्ही बाहेर थांबा. प्रवेश झाल्यावर पहिला महिना विशेष जपा, कारण वर्गात आपण सर्वांत मोठे आहोत ही जाणीव तेव्हाच टोचते आणि बरीच मुले तिथूनच परत फिरतात. या मुलाने इलेक्ट्रिशियनचा ट्रेड घेतला. दुसऱ्या आठवड्यात तोही घरी बसू पाहत होता, तेव्हा वडील काही न बोलता त्याला स्कूटरवरून फाटकापर्यंत सोडून आले.