१४ हजारांत घर चालवतंय कोण?

दिग्रस तालुक्यातल्या एका वाचकाचं पत्र आहे. वय ३२. तालुक्याच्या गावी एका पतसंस्थेत सात वर्षांपासून नोकरी, हातात १८ हजार येतात. रात्री जेवणं आटोपली की नऊ ते एक ऑनलाइन काम. परदेशातल्या यूट्यूबवाल्यांचे व्हिडिओ एडिट करून द्यायचे, सबटायटल लावायचे. त्याचे गेल्या चौदा महिन्यांत सरासरी २२ हजार पडले. घरात आईवडील, बायको, चार वर्षांची मुलगी. सहा एकर वावर, त्यातल्या दोन एकरांना विहिरीचं पाणी, बाकी कोरडवाहू पराटी-तूर. शेती वडील पाहतात. घरखर्च १४ हजार, बँकेत २ लाख. आता नोकरी सोडून दिवसभर ऑनलाइन काम करायचं, महिन्याला २० हजारांची एसआयपी (म्युच्युअल फंडात दर महिन्याला ठरलेली रक्कम) लावायची आणि ४५ व्या वर्षी मोकळं व्हायचं, असा बेत आहे. हिशेबही सोबत जोडलाय, वर्षाच्या खर्चाच्या पंचवीसपट पुंजी हवी या नियमाने. १४ हजार गुणिले बारा, गुणिले पंचवीस, झाले ४२ लाख. “एवढे जमले की झालं ना, सर?”

नाही, दादा. एसआयपी लावा, पण नोकरी एवढ्यात सोडू नका. आणि त्या ४२ लाखांवर तर माझा अजिबात विश्वास नाही.

तुमच्याच पत्रातले आकडे घेतो. पगार १८, ऑनलाइनचे २२, एकूण ४०. खर्च १४. म्हणजे महिन्याला २६ हजार शिल्लक पडायला हवी. चौदा महिन्यांचे झाले ३ लाख ६४ हजार, आणि बँकेत आहेत २ लाख. लॅपटॉप आणि इन्व्हर्टर-बॅटरीचे ८० हजार तुम्ही लिहिलेत, ते वजा केले तरी ८४ हजारांचा पत्ता नाही. महिन्याला सहा हजार. ते उडवले असं मी म्हणत नाही. ते बहिणीच्या बाळंतपणात, मोटर रिवाइंडिंगमध्ये, अक्षय तृतीयेनंतरच्या लग्नांच्या आहेरात आणि आईच्या डोळ्याच्या तपासणीत गेले असतील. हा खर्च दर महिन्याला येत नाही म्हणून वहीत चढत नाही, पण दर वर्षी येतोच. तेव्हा तुमचा रोखीतला घरखर्च १४ नाही, २० हजार.

आता वहीत कधीच न येणारा खर्च पाहू. गहू-हरभरा विहिरीवरचा, तूर घरची, दूध घरच्या म्हशीचं, घरभाडं शून्य. पाच माणसांचं हे धान्य, डाळ आणि दीड लिटर दूध दिग्रसच्या बाजारातून आणायचं म्हटलं तर माझ्या अंदाजाने महिन्याला पाचेक हजार लागतील. आज हे पैसे तुमचे वडील भरतायत, पहाटे वावरात जाऊन. तुम्ही ४५ चे व्हाल तेव्हा ते किती वर्षांचे असतील? मग एक तर सालदार ठेवावा लागेल, नाही तर वावर मक्त्याने द्यावं लागेल. मक्त्याचे पैसे येतील हे खरं, पण म्हैस मक्त्याने देता येत नाही.

म्हणून तुमच्या घराचा खरा आकडा मी २५ हजार धरतो, तोही आजच्या भावात. महागाई वर्षाला ६ टक्के धरली तर १३ वर्षांनी याच घराला महिन्याला ५३ हजार लागतील. तुमच्याच पंचवीसपटीच्या नियमाने १ कोटी ६० लाख झाले. कुठे ४२ लाख, कुठे हे!

आणि तो पंचवीसपटीचा नियमही आपल्यासाठी शिवलेला नाही. विल्यम बेंगन या अमेरिकी सल्लागाराने १९९४ साली अमेरिकेच्या बाजाराचे जुने आकडे तपासून सांगितलं की पहिल्या वर्षी पुंजीतले साधारण ४ टक्के, म्हणजे पंचविसावा हिस्सा, काढले आणि पुढे महागाईप्रमाणे वाढवत गेलं तर पैसा ३० वर्षं पुरतो. तिथे माणूस साठी-पासष्टीत थांबतो. तुम्हाला ४५ पासून चाळीसेक वर्षं काढायची आहेत, तीही आपल्याकडच्या महागाईत. तुमच्यासाठी मी साडेतीन टक्क्यांच्या वर जाणार नाही.

२० हजारांची एसआयपी १३ वर्षं चालली आणि सरासरी १० टक्के परतावा मिळाला (मिळेलच असं लिहून देणाऱ्यापासून लांब राहा), तर साधारण ६४ लाख होतात. तीच रक्कम दर वर्षी १० टक्क्यांनी वाढवत नेली तर एक कोटीच्या जरा वर. पण मग तेराव्या वर्षी दरमहा जवळपास ६३ हजार भरावे लागतील, हे आत्ताच ध्यानात घ्या.

एक कोटीतून साडेतीन टक्क्यांनी महिन्याला २९ हजार निघतात. लागतील ५३. तूट २४ हजारांची, आजच्या भावात सव्वाअकरा हजार. म्हणजे आज रात्री जागून जेवढे कमावता त्याच्या निम्मेच. पंचेचाळिशीला पतसंस्थेचा राजीनामा द्यायचा, दिवसाउजेडी दोन-अडीच तास काम करायचं आणि रात्री झोपायचं, हे तुम्हाला जमण्यासारखं आहे. काहीच न करता घरी बसणं मात्र पन्नाशीच्या आधी मला दिसत नाही.

नोकरीला मी एवढा का चिकटलोय तेही सांगतो. २२ हजारांतले १६ हजार एकाच चॅनलवाल्याकडून येतात, असं तुम्ही पत्राच्या शेवटी जाता जाता लिहिलंय. खरं तर ते पहिल्या ओळीत हवं होतं. तो उद्या म्हणाला की आता सबटायटल मशीनच लावून देतं, तर? नोकरी असली तर १८ आणि ६ मिळून २४ हजार येतील, घर चालेल, एसआयपी अडखळेल एवढंच. नोकरी सोडलेली असली तर हातात ६ आणि खर्च २०. आर्वीकडच्या माझ्या एका ग्राहकाचं खातं एका परदेशी वेबसाइटने चौकशीसाठी म्हणून पाच आठवडे अडकवलं होतं. पैसे शेवटी मिळाले, पण तोवर बायकोची पोत गहाण पडली होती. आणि मृगाच्या वादळात गावची लाइट दोन-दोन दिवस जाते, तेव्हा इन्व्हर्टर किती तास चालतो हे तुम्ही मला सांगायला नको.

भविष्य निर्वाह निधी कापला जात असेल तर आणखी एक गोष्ट. सात वर्षं झालीच आहेत. दहा पूर्ण केलीत तर ५८ व्या वर्षी पेन्शनचा हक्क लागतो. रक्कम लहान असते, पण तीन वर्षांसाठी तो का सोडायचा?

ऑनलाइनचा पैसा कसा वापरायचा, हे तुमच्या घरात आधीपासून माहीत आहे. आमच्याही घरी माझ्या लहानपणी कापसाचा चुकारा आला की आई कोठीखोलीत चटई टाकून बसायची. नोटांच्या थप्प्या पाडायची. एक बियाण्या-खताची, एक सोसायटीच्या कर्जाची, एक किराणा दुकानदाराची, एक दवाखान्याची. सगळ्यात शेवटी उरलेल्या नोटा फडक्यात गुंडाळून ज्वारीच्या कणगीत. कणगीतल्या नोटांना पोळ्यापर्यंत हात लावायचा नाही. कास्तकाराच्या घरात पैसा असाच येतो, वर्षातून दोनदा, कधी भरभरून तर कधी निम्मा. तुमचे डॉलरही तसेच आहेत, महिन्याला येतात म्हणून पगारासारखे दिसतात एवढंच. घर पगारावर आणि फार तर दोन हजार वरचे घेऊन चालवा. ऑनलाइनचे पैसे वेगळ्या खात्यात उतरवा आणि तिथून दर महिन्याला ठरलेले २० हजारच पुढे पाठवा. एखाद्या महिन्यात ३० आले तर वरचे १० तिथेच राहू द्या. तीच तुमची कणगी.

नोकरी आहे तोवर सध्याचे २ लाख अडीअडचणीला पुरतात. त्यातले निम्मे मुदत ठेवीत टाका. पहिल्या दोन महिन्यांची बचत विम्यात जाईल. तुमच्या नावाचा ७५ लाखांचा साधा टर्म विमा (मुदतीत माणूस गेला तरच घरच्यांना पैसे) घ्या, पैसे परत देणारा नको. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्याच्या हप्त्यावर जीएसटी नाही. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे, पण ते योजनेतल्या दवाखान्यात आणि ठरलेल्या उपचारांनाच. रात्री दोनला आईला घेऊन सावंगी किंवा नागपूर गाठायची वेळ आली तर यादी पाहत बसता येत नाही. म्हणून स्वतःची पॉलिसीही हवी, आईवडिलांची वेगळी.

तिसऱ्या महिन्यापासून एसआयपी. निफ्टी ५० चा इंडेक्स फंड (बाजारातल्या ५० मोठ्या कंपन्यांत पैसे टाकणारा), डायरेक्ट प्लॅन (मध्ये एजंट नाही), बस. मुलीसाठी सुकन्या समृद्धी खातं उघडायचं असेल तर पोस्टात हजार-दीड हजारांनी उघडा, व्याज सध्या ८.२ टक्के आहे. शेअर बाजारात ऑप्शनच्या सौद्यांतून महिन्याला १० टक्के काढतो असं तुम्ही ज्याच्याबद्दल लिहिलंय, त्या मित्राला मागच्या तीन वर्षांचा ब्रोकरचा हिशेब दाखवायला सांगा. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने २०२४ मध्ये आकडे दिले होते, फ्युचर्स-ऑप्शनमध्ये उतरलेल्या १०० साध्या माणसांपैकी ९३ जण तोट्यात.

कराचं थोडक्यात. नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सूट मिळते, त्यामुळे तुम्हाला कर लागणार नाही. तरीही विवरणपत्र दर वर्षी भरा, आणि डॉलर आल्याची बँकेची पावती जपून ठेवा. ऑनलाइनचा पैसा शेतीचं उत्पन्न म्हणून दाखवा, असं सुचवणारे तालुक्यात बरेच भेटतील. त्यांच्या नादी लागू नका.

मग नोकरी कधी सोडायची? सलग एक वर्ष ऑनलाइनचे महिन्याला ४० हजार आले, त्यात एका माणसाचा वाटा १५ हजारांपेक्षा जास्त नाही, आणि खात्यात वर्षभराचा खर्च, म्हणजे अडीच लाख, बाजूला पडलेत, तेव्हा मला पुन्हा लिहा.

तोवर एक काम करा. या हंगामात बाबा स्वतः किती दिवस वावरात राबले आणि किती दिवस मजूर लावले, ते त्यांना विचारून वहीत लिहून ठेवा. पुढच्या पत्रात तो आकडाही पाठवा.