बॅटरी उतरल्यापासून इंजिन आणि एबीएसचा दिवा विझत नाही

प्रश्न : माझी फ्यूएल इंजेक्शनची मोटारसायकल काही आठवडे उभी होती. किल्ली पार्किंग लाइटवर राहिली आणि बॅटरी पार उतरली. मित्राच्या मोटारीवरून जंपर वायर लावून गाडी चालू केली, नंतर बॅटरी काढून घरी चार्ज केली आणि परत बसवली. तेव्हापासून इंजिनचा आणि एबीएसचा दिवा विझत नाही. सेल्फ मारला की मीटर क्षणभर बंद पडतो, घड्याळ शून्यावर येतं. गॅरेजवाले एबीएस युनिट बदला म्हणतात. बदलू का? आणि तोवर गाडी चालवली तर चालेल?

उत्तर : युनिट आत्ता अजिबात बदलू नका. तुमच्या पत्रात मला दिव्यांपेक्षा घड्याळ महत्त्वाचं वाटलं. सेल्फ मारल्यावर ते शून्यावर येतं, म्हणजे त्या क्षणी मीटरचा सप्लाय तुटतोय. मग ईसीयू (इंजिन सांभाळणारा छोटा संगणक) आणि एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) यांनाही तो नीट मिळत नसणार. एबीएस युनिट किल्ली फिरवताच स्वतःची तपासणी करतं आणि व्होल्टेज कमी दिसलं की स्वतःला बंद करून दिवा लावतं. युनिट धड असतानाही हे होतं, आणि तरीही लोकांना महागडे भाग बदलायला लावतात याचं मला फार वाईट वाटतं.

बॅटरी तुम्ही स्वतः काढून बसवलीत, म्हणून सुरुवात तिथूनच करा. सीट काढा आणि टर्मिनलवरच्या वायरी बोटांनी हलवून बघा. जरा जरी फिरल्या तरी त्या सैल आहेत. छोट्या बॅटऱ्यांच्या टर्मिनलमध्ये चौकोनी नट नुसता आत ठेवलेला असतो. तो खाली सरकला की बोल्टचे आटे नीट धरत नाहीत, आणि वरून मात्र बोल्ट आवळल्यासारखा वाटतो. नटाखाली रबराचा तुकडा किंवा गुंडाळलेली प्लास्टिकची नळी सारून तो वर आणा, मग बोल्ट आवळा. काही गाड्यांत निगेटिव्हच्या जाड वायरीसोबत छोट्या रिंगेची एक बारीक वायरही असते. बॅटरी बसवताना हीच वायर बाजूला दबून राहते. जाड वायर जागेवर असल्यामुळे दिवे लागतात, हॉर्न वाजतो, आणि कुणाला शंकाही येत नाही. रिंगा काळवंडल्या असतील तर पॉलिश पेपरने घासून घ्या. काढताना निगेटिव्ह आधी, लावताना पॉझिटिव्ह आधी. नाहीतर पान्याचं टोक फ्रेमला लागून शॉर्ट होतो.

आता बॅटरीला मल्टिमीटर (व्होल्टेज मोजायचं यंत्र) लावा. नेहमीची 12 व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी पूर्ण चार्ज होऊन काही तास नुसती ठेवली की 12.6 ते 12.8 दाखवते. 12 म्हणजे जवळजवळ रिकामी. मग मल्टिमीटर लावलेला ठेवूनच सेल्फ मारा. आकडा साडेनऊच्या खाली कोसळला तर बॅटरीत दम उरलेला नाही. उतरलेल्या अवस्थेत ती बरेच दिवस पडून राहिली की प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं. अशी बॅटरी चार्जरवर भरल्यासारखी वाटते आणि सेल्फला मान टाकते. पुन्हा चार्ज करायची तर सावकाश, 8 अँपिअर-अवरच्या बॅटरीला 0.8 अँपिअरच्या आसपास. जंप देऊन जवळपास एक चक्कर मारल्याने ती भरत नाही. आणि मोटारीवरून जंप देताना मोटारीचं इंजिन बंदच ठेवायचं.

बॅटरी ठीक निघाली तर इंजिन चालू करून 5,000 आरपीएमला बॅटरीचं व्होल्टेज मोजा. साडेतेरा ते साडेचौदाच्या आसपास आलं की चार्जिंग बरोबर. 15 च्या वर गेलं तर रेग्युलेटर (चार्जिंगचं व्होल्टेज आटोक्यात ठेवणारा भाग) संशयित. 13 च्या आतच घोटाळलं तर स्टेटर (इंजिनमधली वीज तयार करणारी कॉइल) आणि रेग्युलेटरमधला कपलर, म्हणजे वायरींचा जोड, उघडून बघा. त्याचं प्लास्टिक तपकिरी होऊन वितळलेलं पुष्कळदा सापडतं. चार्जिंग तपासायला चालू इंजिनवर बॅटरीची वायर काढायची जुनी रीत मात्र नको. त्या झटक्यात ईसीयू जाऊ शकतो.

जंपर लावताना क्षणभर जरी वायरी उलट टेकल्या असतील तर फ्यूज बघा. एबीएसचे फ्यूज बहुधा वेगळे असतात आणि पुष्कळदा एकाहून जास्त.

एवढं झाल्यावर गाडी थोडी पळवा. एबीएसचा दिवा बऱ्याच गाड्यांत चाकं फिरू लागल्यावरच विझतो. मधल्या स्टँडवर मागचं चाक फिरवून तपासू नका; पुढचं थांबलेलं आणि मागचं फिरतंय हे पाहून युनिट नवा दोष नोंदवतं. इंजिनचा दिवा दोन-चारदा गाडी चालू-बंद केल्यावर जाऊ शकतो. दोन्ही तसेच राहिले तर गॅरेजमध्ये युनिटांनी नोंदवलेले दोषांचे कोड वाचून घ्या, जुने पुसायला लावा आणि कोणता परत येतो ते विचारा. कोड न वाचताच युनिट बदला म्हटलं असेल तर त्या सल्ल्याला काही आधार नाही.

चालवण्याबद्दल : टर्मिनल आवळून व्होल्टेज नीट येईपर्यंत रहदारीत नेऊ नका, सप्लाय तुटला तर इंजिन मध्येच बंद पडेल. त्यानंतर फक्त एबीएसचा दिवा उरला तर साधे ब्रेक लागतात, पण जोरात दाबल्यास चाक लॉक होऊ शकतं. ओल्या रस्त्यावर अंतर जास्त ठेवा आणि पुढचा ब्रेक हळूहळू दाबा.