लाकूड एकाचं, रंग दुसऱ्याचा

प्रश्न : ताई, नमस्कार. आमचं सावंतवाडीला लाकडी खेळण्यांचं छोटं दुकान आहे. लेथवर लाकूड सासरे घडवतात, रंगकाम जाऊबाई आणि मी करतो. वर्डप्रेस या सॉफ्टवेअरवर बांधलेल्या वेबसाइटसाठी डेमो बघून एक विकतची थीम घेतली आणि त्यावर वूकॉमर्स हे दुकान चालवणारं प्लगइन (जोड-सॉफ्टवेअर) टाकलं. पहिलं पान छान दिसतं, पण दुकानाचं पान उघडलं की भलत्याच वेबसाइटवर आल्यासारखं वाटतं. बाजूची पट्टी पानाच्या तळाशी जाते, उभ्या ठकीचं डोकं फोटोत कापलं जातं, आणि किंमत वर्णनाच्या वर येते. मला ती खाली हवी आहे. भाच्याने थीमच्या फाइलींमध्ये बदल करून बरंचसं जमवलं होतं. मग थीमचं अपडेट आलं आणि सगळं पुसलं गेलं. थीमवाले म्हणतात प्लगइनचा दोष, प्लगइनवाले म्हणतात थीमचा. आम्ही कोणाचं खरं धरायचं?
– एक वाचक भगिनी, सावंतवाडी

उत्तर : ताई, तुमच्या घरात कामाची जी वाटणी आहे, तीच इथेही आहे. वूकॉमर्स म्हणजे सासऱ्यांचं काम: वस्तू, किंमत, टोपली, ऑर्डर, पैसे. थीम म्हणजे तुमचं आणि जाऊबाईंचं काम: रंग, अक्षरं, वरचा पट्टा, खालचा पट्टा, मोकळ्या जागा. फरक इतकाच, की तुम्ही तिघं एका छपराखाली बसता आणि थीम बनवणाऱ्याने वूकॉमर्स बनवणाऱ्याचं तोंडही पाहिलेलं नसतं. म्हणून दोघांत ठरलेले काही संकेत आहेत. तुमच्या अडचणी समजायला आधी ते संकेत बघू.

वूकॉमर्सचा जन्मच थीम बनवणाऱ्यांच्या कारखान्यात झाला. केपटाऊनची वूथीम्स ही कंपनी आधी थीम विकायची. तिने 2011 मध्ये वूकॉमर्स आणलं, आणि 2015 मध्ये वर्डप्रेस डॉट कॉम चालवणाऱ्या ऑटोमॅटिकने ती कंपनी विकत घेतली. थीमवाल्याला दुकानाच्या पानात कुठे, किती हात घालता यावा, याचा विचार त्यात दिसतो तो मला वाटतं यामुळेच.

गिऱ्हाइकाने ठकीचं पान उघडलं की ते पान कोणत्या फाइलींवरून काढायचं हे ठरवावं लागतं. दुकानाच्या पानांच्या फाइली वूकॉमर्सकडे स्वतःच्या असतातच. त्यांनाच टेम्प्लेट म्हणतात. पण त्या वापरण्याआधी ते थीमच्या घरात डोकावतं: तिथे ‘वूकॉमर्स’ नावाचं फोल्डर आहे का, आणि त्यात याच नावाची फाइल आहे का? असेल तर थीमची फाइल चालते, नसेल तर वूकॉमर्सची. चाइल्ड थीम, म्हणजे मूळ थीमशेजारी आपले बदल ठेवायला केलेली छोटी थीम, असेल तर सगळ्यात आधी तिच्यात बघितलं जातं. हा क्रम कागदावर लिहून भिंतीला चिकटवून ठेवा: चाइल्ड थीम, मूळ थीम, वूकॉमर्स.

आता दोष कोणाचा ते शोधू. वेबसाइटची एक चाचणी प्रत करून घ्या. होस्टिंगवाले याला स्टेजिंग म्हणतात आणि पुष्कळ ठिकाणी ती एका बटणावर होते. त्या प्रतीवर तुमची थीम काढून स्टोअरफ्रंट ही फुकट थीम लावा. ती वूकॉमर्सच्याच लोकांनी 2014 मध्ये बनवलेली आहे. पट्टी जागेवर आली तर थीमवाल्याला दोन्ही स्क्रीनशॉट पाठवा, मग त्याला दुसरीकडे बोट दाखवता येणार नाही. तरीही पट्टी खालीच राहिली, तर एकेक प्लगइन बंद करत बघा. हे केल्याशिवाय कोणाशी वाद घालू नका, आणि पैसे तर कोणालाच देऊ नका.

पट्टी खाली जाते त्याचं कारण बहुधा असं असतं. दुकानाचा मजकूर ज्या चौकटीत बसतो, ती चौकट उघडण्याचं आणि मिटण्याचं काम वूकॉमर्स स्वतःच्या पद्धतीने करतं. तुमच्या थीमची चौकट वेगळ्या मापाची आणि वेगळ्या नावाची असेल, तर थीमचे रुंदीचे नियम त्या मजकुराला लागूच होत नाहीत. मजकूर सगळी रुंदी व्यापतो आणि पट्टीला जागा उरत नाही. इलाज लहान आहे. वूकॉमर्सची चौकट काढायची आणि थीमची लावायची, उघडणारी एक ओळ आणि मिटणारी एक ओळ. आपण वूकॉमर्सला आधार देतो हे सांगणारी ओळसुद्धा चांगल्या थीममध्ये आधीच लिहिलेली असते. थीम विकत घेताना डेमोपेक्षा हे विचारावं, असं मी प्रत्येकाला सांगते. डेमोत फोटो त्यांचे असतात, सगळे एका मापाचे आणि पांढऱ्या पार्श्वभूमीवर काढलेले. तुमची ठकी उभी, फळांची परडी आडवी.

ठकीच्या डोक्याचं म्हणाल तर त्यात कोडचा संबंधच नाही. ‘कस्टमाइझ’मध्ये वूकॉमर्स, मग ‘प्रॉडक्ट इमेजेस’ उघडा. यादीतले फोटो एकास एक, म्हणजे चौकोनी कापायचे, वेगळ्या प्रमाणात कापायचे की न कापता ठेवायचे, याचे तीन पर्याय तिथे दिसतील. ‘अनक्रॉप्ड’ निवडा. त्याच जागी फोटोच्या रुंदीची चौकट काही जणांना दिसत नाही आणि ते घाबरतात. थीमने रुंदी स्वतः ठरवून टाकली असेल तर ती चौकट लपते, एवढंच. न कापलेल्या फोटोंमुळे रांगा थोड्या खालीवर दिसतील. ते नको असेल तर सगळ्या खेळण्यांचे फोटो चौकोनी कागदावर, भोवती पुरेशी मोकळी जागा सोडून पुन्हा काढा. मी तेच करायला सांगेन. तुम्ही रंगवलेले डोळे नीट दिसले पाहिजेत.

किंमत खाली आणण्यासाठी भाच्याने बहुधा अख्खी फाइल बदलली असेल. त्याची गरज नव्हती. वस्तूच्या पानावर फोटोशेजारी जे काही दिसतं, ते रांगेत उभं असतं आणि प्रत्येकाला नंबर दिलेला असतो: नाव 5 वर, किंमत 10 वर, छोटं वर्णन 20 वर, ‘कार्टमध्ये टाका’चं बटण 30 वर. ज्या खुंटीवर हे टांगलेलं असतं तिला हुक म्हणतात. किंमत 10 वरून काढून 25 वर टांगली की ती वर्णन आणि बटण यांच्या मधे येते. दोन ओळींचं काम, आणि टेम्प्लेटच्या एकाही फाइलला हात लावावा लागत नाही. (तुमची थीम जुन्या घडणीची आहे, म्हणून हे चालेल. जानेवारी 2022 मधल्या वर्डप्रेस 5.9 पासून ब्लॉक थीम आल्या. त्यांत हीच मांडणी साइट एडिटरमध्ये ब्लॉक, म्हणजे पानाचे सुटे तुकडे, खालीवर सरकवून करतात.)

या दोन ओळी ठेवायच्या मात्र चाइल्ड थीममध्ये. भाच्याने विचार बरोबर केला, पण बदल ठेवले मूळ थीममध्ये. थीम अपडेट झाली की तिचं जुनं फोल्डर जाऊन नवं येतं, आणि त्यात लिहिलेलं सगळं जातं. चाइल्ड थीम म्हणजे शेजारी ठेवलेलं वेगळं फोल्डर. त्यात एक स्टाइलची फाइल, त्या फाइलच्या डोक्यावर मूळ थीमच्या फोल्डरचं नाव सांगणारी ‘टेम्प्लेट’ अशी एक ओळ, आणि एक फंक्शन्सची फाइल, बस. पुष्कळ थीमवाले ती झिपमध्येच देतात; तुम्ही उतरवून घेतलेलं पुडकं पुन्हा उघडून बघा.

आता माझी एक चूक सांगते, कारण तुमचा भाचा पुढच्या पायरीवर नेमकी तीच करण्याची शक्यता आहे. कोल्हापुरातल्या एका चप्पल व्यापाऱ्याचं दुकान मी उभं केलं होतं. चाइल्ड थीम केली, आणि पुढे कधी लागतील म्हणून वूकॉमर्सच्या टेम्प्लेटचं अख्खं फोल्डर तिच्यात उचलून ठेवलं. बदल केले होते फक्त दोन फाइलींत. एप्रिल 2017 मध्ये वूकॉमर्स 3.0 आलं आणि वस्तूच्या फोटोंची मांडणी मुळापासून बदलली. माझ्या चाइल्ड थीमने मात्र फोटोची जुनीच फाइल पुढे केली. चपलेच्या फोटोवर बोट ठेवलं तर तो मोठा होईना, दुसरा फोटो पुढे येईना. गिऱ्हाइकं व्यापाऱ्याला फोन करून म्हणायची, ‘टाच दाखवा, वेणी कशी घातलीय ते दिसत नाही.’ दोन रात्री एकेक फाइल शेजारी शेजारी ठेवून ताडून बघितली, न बदललेल्या सगळ्या काढून टाकल्या, तेव्हा फोटो पूर्ववत झाले. आधी हुकने जमतंय का बघते, आणि नाहीच जमलं तर ज्या एका फाइलमध्ये बदल करायचाय तेवढीच आणते, हा नेम मी तेव्हापासून पाळते.

आणलेली प्रत जुनी झाली का, हे वूकॉमर्सच्या ‘स्टेटस’ पानावर तळाकडे ‘टेम्प्लेट्स’ या भागात दिसतं. थीमने कोणकोणत्या फाइली स्वतःच्या केल्यात त्याची यादी असते, आणि मूळ फाइल पुढे गेली असेल तर दोन्ही आवृत्त्यांचे आकडे येतात. यादीत मूळ थीमच्याच फाइली जुन्या दिसत असतील तर ते काम थीमवाल्याचं आहे. ते वर्षभर तसंच पडून असेल, तर ती थीम सोडलेली बरी.

प्रश्न : थीम बदलली तर आमच्या आजवरच्या ऑर्डरी आणि गिऱ्हाइकांचे पत्ते जातील का? या भीतीने तीन वर्षं जुनी थीम ओढतोय.
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : नाही. वस्तू, ऑर्डरी, पत्ते सगळं डेटाबेसमध्ये असतं आणि थीम तिकडे फिरकत नाही. बदलेल ते दिसणं. मेनू आणि बाजूच्या पट्टीतल्या गोष्टी पुन्हा लावाव्या लागतील. मात्र पहिलं पान थीमच्या स्वतःच्या पेज बिल्डरने बांधलं असेल, तर थीम गेल्यावर तिथे चौकटी कंसांची रांग दिसू शकते. ते एक पान नव्याने बांधायची तयारी ठेवा. बॅकअप घ्या आणि आधी चाचणीच्या प्रतीवर बदलून बघा.

प्रश्न : आम्ही सांगलीहून हळद आणि बेदाणा पाठवतो. जुन्या वेबसाइटवर चेकआउटच्या टेम्प्लेटमध्ये ‘जवळची खूण’ असा रकाना घातला होता. खेडेगावात कुरिअरवाल्याला त्याचा फार उपयोग होतो. आता नवी वेबसाइट केली, तीच थीम लावली, चाइल्ड थीमसुद्धा जशीच्या तशी आणली, तर रकाना दिसतच नाही. फाइल तर जागेवर आहे.
– एक वाचक, सांगली

उत्तर : फाइल जागेवर आहे, पण ती कोणी वाचत नाही. नोव्हेंबर 2023 मधल्या वूकॉमर्स 8.3 पासून नव्या दुकानात कार्ट आणि चेकआउटची पानं ब्लॉकने बनलेली येतात. ही पानं ब्राउझरमध्ये घडतात, थीमच्या फोल्डरमधली जुनी चेकआउटची फाइल त्यांना लागत नाही. जुनी वेबसाइट आधीची, म्हणून तिथे जुनीच पद्धत चालू राहिली. वर सांगितलेला तीन घरांचा क्रम या दोन पानांना लागू पडत नाही, आणि त्यात भलेभले फसतात.

तुम्हाला दोन वाटा आहेत. एक, चेकआउटचं पान संपादनाला उघडून तिथला ब्लॉक काढा आणि जुना चेकआउट शॉर्टकोड (चौकटी कंसात लिहायचा छोटा संकेत) घाला. रकाना लगेच परत येईल. दुसरी, ब्लॉक ठेवा आणि रकाना वूकॉमर्सने त्यासाठी दिलेल्या नव्या मार्गाने जोडून घ्या. सणाचा हंगाम तोंडावर असेल तर आज पहिली वाट धरा. सवडीने दुसरीकडे जा, कारण नवीन सोयी तिकडेच येताहेत. ब्लॉककडे जाण्याआधी तुमचं पैसे घेण्याचं प्लगइन ब्लॉक चेकआउटमध्ये चालतं का ते बघून घ्या. चालत नसेल तर गिऱ्हाइकाला तो पर्यायच दिसत नाही, आणि तो तुम्हाला कळवायला थांबत नाही, निघून जातो.

आणि एक विनंती. कॅशचं, म्हणजे वेग वाढावा म्हणून पानांची तयार प्रत साठवणारं प्लगइन असेल तर कार्ट, चेकआउट आणि ‘माझं खातं’ ही तीन पानं त्यातून वगळा. ती प्रत्येक गिऱ्हाइकासाठी वेगळी काढावी लागतात. एकाचं साठवलेलं पान दुसऱ्यापुढे गेलं, तर त्याला परक्याची टोपली दिसेल. ज्याने विश्वासाने तुम्हाला घरचा पत्ता दिला, त्याच्या बाबतीत असं होऊ देऊ नका.

प्रश्न : वस्तूंची नावं मराठीत दिली की दुव्यात टक्के आणि आकड्यांची लांबलचक माळ येते, आणि लांब नावाचा शेवट तुटतो. असं का?
– एक वाचक भगिनी, डोंबिवली

उत्तर : दुव्यात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह नऊ खुणांनी लिहिलं जातं, आणि वर्डप्रेसमध्ये या नावाला 200 खुणांचीच जागा आहे. म्हणजे साधारण 22 चिन्हं. त्यात काना, मात्रा, वेलांटी, हलन्त सगळी वेगळी मोजली जातात. ‘घरगुती गोडा मसाला अर्धा किलो’ त्यात मावत नाही. वस्तूचं नाव मराठीतच ठेवा. फक्त दुव्याच्या चौकटीत रोमन अक्षरांत आटोपशीर नाव लिहा. पाकिटावर क्यूआर कोड छापायला देण्याआधी हे करून टाका.