थंडीत सापडलेले पिल्लू: आधी ऊब, मग दूध

पंचवटीत घाटाजवळ सापडलेले कुत्र्याचे पिल्लू तुम्ही घरी आणलेत, हे फार चांगले केलेत. मात्र त्याला लगेच वाटीभर दूध देऊ नका. नाशिकमध्ये डिसेंबर-जानेवारीत पारा अनेकदा 10 अंशांच्या खाली उतरतो आणि गारठलेल्या पिल्लाला दूध पचत नाही, म्हणून कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवा आणि अंग उबदार झाल्यावरच भरवा. गाईच्या दुधाने पुष्कळदा जुलाब होतात. त्याऐवजी पिल्लांसाठीची दूध पावडर आणा. पाजताना त्याला माणसाच्या बाळासारखे उताणे धरू नका, पोटावरच ठेवा, नाहीतर दूध फुफ्फुसात जाते. (माझ्या हातून सुरुवातीला हीच चूक होऊन एक पिल्लू गेले, ते मला अजून सलते.)

जंतांच्या औषधाची मात्रा वजनावर ठरते, ती पशुवैद्यांनाच ठरवू द्या. पार्व्हो या कुत्र्यांच्या जीवघेण्या विषाणूजन्य आजाराची पहिली लस 6 ते 8 आठवड्यांच्या वयात देतात आणि पुढचे डोस दर 3-4 आठवड्यांनी, निदान 16 आठवड्यांचे होईपर्यंत चालतात. रेबीजची लस साधारण 3 महिन्यांनंतर. तोवर त्याला घरच्या कुत्र्यापासून वेगळे ठेवा. उलट्या किंवा रक्ताचे जुलाब दिसले तर सकाळची वाट पाहू नका.

पिल्लाचा दात किंवा ओरखडा लागला तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी रुग्णालयात जाऊन रेबीजची लस सुरू करा.