टक्के जोडू नकोस, आतला माल जोड

प्रश्न: नमस्कार सर, मी पिंपळगाव बसवंतची, दहावीला आहे. १० टक्के आणि ४० टक्के ॲसिडची द्रावणं मिसळून २२ टक्क्यांचं २० लिटर करायचंय, तर कुठलं किती घ्यायचं? मी सरासरी काढते तर २५ येतात आणि पुढे अडतेच. समीकरण नेमकं कशाचं मांडायचं?

उत्तर: अगं, २५ तेव्हाच येतात जेव्हा दोन्ही सारखीच घेतली. तुला २२ हवेत, म्हणजे १० वालं जास्त लागणार, एवढं तर पेन उचलायच्या आधीच कळतं आणि शेवटी उत्तर पडताळायलाही हेच कामाला येतं. समीकरण मांडायचं ते शुद्ध ॲसिडचं, कारण मिसळताना ते कुठे जात नाही, आधी जेवढं होतं तेवढंच नंतर. १० वालं क्ष लिटर घेतलं तर ४० वालं २० वजा क्ष. आता ॲसिड मोज: ०.१क्ष + ०.४(२० − क्ष) = ४.४, कारण २० लिटरचे २२ टक्के ४.४ होतात. म्हणजे ८ − ०.३क्ष = ४.४, क्ष = १२. १० वालं १२ लिटर, ४० वालं ८ लिटर. पडताळा घे, १.२ आणि ३.२ मिळून ४.४, बरोबर.

नुसतं पाणी घालायचं असेल तर पाणी म्हणजे ० टक्के, बाकी रीत तीच. तुमच्याकडे द्राक्षाचा बेदाणा करणारे घड ज्या द्रावणात बुडवतात ना, मण्यांवरचा मेणासारखा थर जाऊन ते लवकर वाळावेत म्हणून, त्यात साधारणपणे लिटरला २५ ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट म्हणजे २.५ टक्के आणि १५ मिली डिपिंग ऑइल असतं. समजा टाकीत ५० लिटर द्रावण ४ टक्क्यांचं झालं, तर आत कार्बोनेट २ किलो. पाणी कितीही ओतलं तरी ते २ किलोच राहणार, मग २ भागिले ०.०२५ म्हणजे एकूण ८० लिटर व्हायला हवं, पाणी ३० लिटर वाढवायचं. पण इथे मुलं हमखास विसरतात की पाण्याने ऑइलही पातळ झालं! ५० लिटरला ७५० मिली घातलेलं असेल तर ८० ला १२०० लागतं, म्हणून ४५० मिली अजून घालायचं. दोन पदार्थ असले की दोघांचा हिशोब वेगळा मांडायचा.