काठावरचा झाडोरा तोडावा का?

प्रश्न : कोकणातल्या वाशिष्ठी नदीच्या काठी आमची वडिलोपार्जित बाग आहे. पावसाळ्यापूर्वी काठावरचा झाडोरा साफ करून घ्यावा का?

उत्तर : कृपया तोडू नये. शेरणी हे नदीच्या खडकांत वाढणारे झुडूप आणि काठावरचे करंज, उंबर, जांभूळ यांच्या मुळांच्या जाळ्यामुळेच पुरात आपली माती टिकते. शेरणीची लवचीक फांदी पाण्याखाली आडवी होते आणि पूर ओसरताच पुन्हा उभी राहते, हे आपण श्रावणात अवश्य पाहावे. उघड्या पडलेल्या काठावर पावसाच्या सुरुवातीला वाळ्याचे ठोंब लावावेत, कारण त्याची मुळे आडवी न पसरता खोल जातात. आणखी एक, न विचारलेले : मृगाच्या पहिल्या पाण्यात बागेच्या पऱ्यात (लहान ओढ्यात) शिरणारे चढणीचे, म्हणजे प्रवाहाविरुद्ध वर येणारे, मासे अंडी घालण्यासाठी आलेले असतात, म्हणून त्या दिवसांत तेथे कोणालाही जाळे लावू देऊ नये, ही कळकळीची विनंती.